कांद्याची सड : औषध दुकानात, दुखणे धोरणात

चैत्र-वैशाखात निफाड, चांदवड, येवला, सिन्नर या तालुक्यांतला शेतकरी उन्हाळ कांदा काढतो आणि चाळीत भरतो. भाव पडलेला असतो, म्हणून भरतो. आषाढ लागला, दमट हवा चाळीच्या फटींतून आत शिरली की एक ओळखीचा उग्र वास गावात पसरू लागतो. चाळ उघडली जाते, बायका कांदा निवडायला बसतात आणि सडलेल्या मालाचा ढीग उकिरड्याकडे जातो. त्या ढिगात केवळ कांदा नसतो. बियाण्याची उधारी असते, लागवडीची मजुरी असते आणि सर्वांत दुःखाची गोष्ट ही की सड होऊ नये म्हणून विकत घेतलेल्या औषधांची किंमतही त्याच ढिगात असते.

या सडीची कारणे सांगणारे पुष्कळ आहेत. औषध कंपनीचा प्रतिनिधी सांगतो की फवारणी चुकली. सरकारी अधिकारी सांगतो की साठवण अशास्त्रीय होती. शहरातला वर्तमानपत्री पंडित सांगतो की भावाच्या लोभाने कांदा दाबून ठेवला की असेच व्हायचे. तिघांची भाषा वेगळी, पण निकाल एकच : दोष शेतकऱ्याचा. हा निकाल ज्या पुराव्यावर उभा आहे, तो तपासण्याची वेळ आली आहे.

बुरशी एक नाही, म्हणून औषधही एक नाही

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहिले पाहिजे, कारण शास्त्राच्या नावावरच हा सारा व्यापार चालतो. कांद्याची 'सड' हा एक रोग नव्हे. मुळाशी आणि कांद्याच्या तळाशी होणारी कूज फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होते. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहते, उष्ण व ओलसर मातीत बळावते, आणि पुष्कळदा शेतात लक्षण न दाखवता कांद्याबरोबर चाळीत जाऊन तेथे प्रकट होते. पातीवर जांभळट चट्टे पाडणारा करपा ही अल्टरनेरिया या निराळ्या बुरशीची करणी. कांद्याची मान नीट वाळली नाही तर तिथून शिरणारी मानकूज वेगळी, आणि चाळीतल्या उष्ण-दमट हवेत सालीखाली काजळीसारखी पसरणारी काळी बुरशी आणखी वेगळी. याखेरीज एक सड जिवाणूंमुळे होते. तिच्यावर बुरशीनाशकाचा काडीचाही उपयोग होत नाही.

यांतील प्रत्येकीवर उपाय आहे, पण तो वेगळा आहे आणि त्याची वेळ ठरलेली आहे. बियाण्याला पेरणीपूर्वी किलोमागे दोन-तीन ग्रॅम थायरम चोळणे, उळे सपाट वाफ्याऐवजी पाणी न साचणाऱ्या गादीवाफ्यावर टाकणे, लागवडीपूर्वी रोपांची मुळे बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवणे, ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी शेणखतातून जमिनीत देणे, ही मूळकुजीविरुद्धची खरी तटबंदी. एकदा बुरशी मुळात शिरली की पातीवर कितीही महाग औषध मारले तरी ते तळापर्यंत पोचत नाही. करप्याची गोष्ट निराळी. लिटरमागे अडीच ग्रॅम मॅन्कोझेब, कांद्याच्या मेणचट पातीवर ते टिकावे म्हणून सोबत चिकटद्रव्य, आणि फवारणी रोगाच्या पहिल्या खुणेला, असे झाले तर पीक वाचते. औषध निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे.

आणि सडीचा मोठा भाग औषधाच्या कक्षेबाहेरच ठरतो. लागवडीनंतर दोन महिने उलटल्यावरही युरिया देत राहिले तर कांदा मोठा दिसतो, पण मान जाड राहते आणि माल टिकत नाही. काढणीच्या आधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडले, निम्म्या माना पडल्यावर कांदा काढला, तो पातीने झाकून शेतात तीन-चार दिवस सुकवला, दोन-अडीच सेंटीमीटर मान राखून पात कापली, सावलीत आणखी दहा-बारा दिवस वाळवला आणि खालून-बाजूंनी हवा खेळणाऱ्या चाळीत चार-पाच फुटांपेक्षा उंच थर न लावता भरला, तर सड पुष्कळ कमी होते. या ज्ञानाची मालकी कोणा कंपनीकडे नाही. राहुरीचे कृषी विद्यापीठ, १९७७ साली स्थापन झालेले फलोद्यान प्रतिष्ठान, राजगुरुनगरचे कांदा-लसूण संशोधन संचालनालय या संस्थांनी जनतेच्या पैशातून ते जमवले आहे. मग ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत का पोचत नाही?

सल्ला विकणाऱ्याचा, खर्च घेणाऱ्याचा

ते पोचत नाही, कारण बांधावर पोचण्याची वाट शासनाने मोकळी सोडून दिली आणि ती बाजाराने व्यापली. गावपातळीवरच्या कृषी कर्मचाऱ्याकडे अनेक गावे, पंचनामे, अनुदानाच्या याद्या आणि पोर्टलवरची माहिती भरण्याचे काम. पात पिवळी पडलेली दिसताच शेतकरी ती उपटून ज्याच्याकडे जातो, तो असतो कृषी सेवा केंद्राचा मालक. तोच वैद्य, तोच औषधवाला, आणि उधारी देणारा सावकारही तोच.

या दुकानदाराला खलनायक ठरवून भागणार नाही. त्याच्याही मानेवर कंपनीच्या विक्रीच्या लक्ष्याचा सुरा असतो आणि लक्ष्य पूर्ण केल्यास सहलीचे आमिषही असते. रोग बुरशीचा, जिवाणूचा, फुलकिड्यांचा की नुसत्या अन्नद्रव्याच्या कमतरतेचा, हे सांगण्याची प्रयोगशाळा त्याच्याकडे नाही. म्हणून तो सर्वांवर एकदम उपाय देतो : एक बुरशीनाशक, एक कीटकनाशक, एक 'टॉनिक', सारे एकाच पंपात. शेतकरी नाही म्हणू शकत नाही, कारण मागची उधारी फिटलेली नसते आणि कांदा विकल्याशिवाय ती फिटणार नसते. ज्याच्या वहीत नाव आहे, त्याच्या सल्ल्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य कर्जदाराला नसते. शेतकरी अडाणी आहे म्हणून जास्त औषध मारतो, हे म्हणणे सोपे आहे. तो बांधलेला आहे म्हणून मारतो, हे म्हणणे अनेकांना परवडत नाही.

या व्यवहाराचा परिणाम बुरशीवरही होतो. कार्बेन्डाझिमसारखे औषध बुरशीच्या पेशीत एकाच ठिकाणी घाव घालते. तेच औषध पुनःपुन्हा मारले की त्याला दाद न देणारी बुरशी उरते आणि वाढते. मॅन्कोझेब अनेक ठिकाणी घाव घालते, म्हणून त्याविरुद्ध अशी प्रतिकारशक्ती सहसा येत नाही. औषधे आलटून पालटून वापरावीत हे प्रत्येक पुस्तिकेत छापलेले आहे. पण दुकानात शिल्लक जे आहे तेच विकले जाते. औषध चालेनासे झाले की मात्रा वाढते, मात्रा चालेनाशी झाली की नवे, दुप्पट-तिप्पट किमतीचे औषध येते. बुरशी जितकी चिवट, तितका धंदा भरभराटीचा, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे.

यात शासनाचा वाटा काय? २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा रासायनिक खतांवर ५ टक्के आणि पीकसंरक्षक औषधांवर १८ टक्के कर बसला. कारखानदार कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट घेतो. कांद्यावर विक्रीच्या वेळी कर नाही, म्हणून शेतकऱ्याला ती वजावट नाही. शेवटचा रुपया त्याच्याच खिशातून जातो. रोगाचे निदान करून देण्याची जबाबदारी न घेणारे शासन औषधाच्या प्रत्येक पुडीवर आपला हिस्सा मात्र घेते.

पंप कोणाच्या पाठीवर?

कांद्याच्या चर्चेत एक माणूस नेहमी गाळला जातो. तो म्हणजे मजूर. लागवडीच्या दिवसांत टोळीने, एकरी उक्त्याने येणाऱ्या बायका उकिडव्या बसून रोपे लावत पुढे सरकतात. द्रावणात बुडवलेली रोपे त्यांच्या उघड्या बोटांतून जातात आणि त्याच हातांनी दुपारची भाकर मोडली जाते. पाठीवरचा पंप गळका असतो. तोंडाला बांधलेला उपरण्याचा तुकडा औषध अडवत नाही, शोषून घेऊन नाकाशी धरतो.

हे औषध निरुपद्रवी आहे काय? कार्बेन्डाझिम हे आनुवंशिक दोष निर्माण करू शकणारे आणि प्रजननास अपाय करणारे द्रव्य आहे, असे युरोपीय संघाने ठरवले आणि २०१४ च्या अखेरीस तेथील त्याची परवानगी संपली. मॅन्कोझेबच्या परवानगीचे नूतनीकरण तेथे २०२० च्या डिसेंबरमध्ये नाकारण्यात आले. भारत सरकारने मे २०२० मध्ये २७ औषधांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला, त्यात ही दोन्ही होती. उद्योगाने आक्षेप घेतले, समित्या बसल्या, आणि २०२३ साली जी बंदी आली तीत ही दोन्ही नव्हती. मधल्या तीन वर्षांत बायकांच्या बोटांची कातडी जाड झाली नव्हती; बदलले होते ते फक्त कागद.

नाशिकची द्राक्षे युरोपात जाण्यापूर्वी त्यांतील औषधांचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. हे योग्यच आहे. पण त्याच जिल्ह्यात त्याच औषधांत हात बुडवणाऱ्या मजुराचे रक्त कोणी नियमितपणे तपासत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा विधिमंडळापासून वाहिन्यांपर्यंत सर्वांना फवारणी करणाऱ्याची आठवण झाली. बुरशीनाशकाचा मजूर तसा एका दिवसात मरत नाही. त्याचे विष सावकाश चढते, म्हणून त्याच्या वाट्याला चौकशी समितीही येत नाही.

बंदीचा भाबडेपणा

यावर एक उत्तर तयार असते : रसायन सोडा, निसर्गाकडे परत चला. हे उत्तर देणारे लोक प्रामाणिक आहेत, पण त्यांचे उत्तर बहुधा त्यांच्या शेतावर पिकलेले नसते. श्रीलंकेत २०२१ साली सरकारने रासायनिक खते व औषधांच्या आयातीवर एका आदेशाने बंदी घातली. पिके कोसळली, शेतकरी रस्त्यावर आला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सरकारला माघार घ्यावी लागली. पर्यायी निविष्ठा नाहीत, प्रशिक्षण नाही, नुकसानीची हमी नाही, अशा स्थितीत बाटली हिसकावून घेणे म्हणजे बुरशीच्या बाजूने हस्तक्षेप करणे होय.

फेरपालटाचेच उदाहरण घ्यावे. मूळकूज झालेल्या रानात तीन-चार वर्षे कांदा-लसूण घेऊ नये, ज्वारी-मका घ्यावा, हा सल्ला अचूक आहे. पंधरा एकरवाला तो पाळतो. दीड एकरवाल्याकडे नगदी पीक एकच, रान एकच आणि बँकेचा हप्ता दरवर्षीचा. त्याने कोणते रान पडीक सोडावे?

प्रश्न रसायन की निसर्ग असा नाही. प्रश्न ज्ञान व निविष्ठा कोणाच्या ताब्यात, हा आहे. १८८५ साली फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठाचे प्राध्यापक मिलार्दे यांनी मोरचूद आणि चुना यांच्या मिश्रणाने द्राक्षवेलींवरील केवडा रोखता येतो हे प्रसिद्ध केले. ते मिश्रण कोणालाही घरी करता येत होते, आजही नाशिकचा द्राक्ष बागायतदार ते स्वतः करतो. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना : ही रीत कोणाच्या पेटंटात अडकलेली नाही. तेही रसायनच आहे. परंतु ते उधारीच्या वहीत बसत नाही. कांद्यासाठी ट्रायकोडर्माची तीच जागा होऊ शकते. ती वाढवायला विद्यापीठाची प्रयोगशाळा आणि तालुका संघाची इच्छा एवढे भांडवल पुरते. तसे सर्वत्र होत नाही, कारण जे स्वस्त आहे त्याचा प्रचार करणारा कोणी पगारी प्रतिनिधी नसतो.

सडीत नुकसान कोणाचे, नफा कोणाचा?

साठवणीत कांद्याचा पाव ते एक तृतीयांश भाग वजनघट, कोंब आणि सडीत जातो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शंभर क्विंटल भरणाऱ्याला सत्तर-पंचाहत्तर क्विंटल विकायला मिळतात आणि त्यातलाही काही माल 'खाद' म्हणून निम्म्या दराने जातो. ज्याच्याकडे चाळच नाही, तो वैशाखातच मिळेल त्या भावाने कांदा विकून मोकळा होतो. तोच कांदा व्यापाऱ्याच्या वखारीत विश्रांती घेऊन आश्विन-कार्तिकात शहरात चढ्या दराने प्रकटतो. म्हणजे सड ही केवळ रोगाची बाब राहत नाही. भाव येईपर्यंत थांबण्याची ताकद कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हे ती ठरवते.

चाळीला अनुदान आहे. बरीच वर्षे ते टनामागे साडेतीन हजार रुपये, पंचवीस टनांपर्यंत, असे होते. पण चाळ आधी स्वतःच्या पैशाने बांधायची आणि सातबारा आपल्या नावाचा दाखवायचा. वाट्याने कसणाऱ्याकडे सातबारा नाही, अल्पभूधारकाकडे आधी घालायला पैसा नाही. पीकविमा आहे, त्यात काढणीनंतर शेतात सुकत पडलेला माल चौदा दिवस अवकाळी पावसापासून संरक्षित असतो. पंधराव्या दिवसापासून चाळीतली बुरशी ही शेतकऱ्याची खासगी बाब ठरते. लासलगावला २००२ साली अणुऊर्जा विभागाने विकिरण केंद्र उभारले. त्या मात्रेने कांद्याला कोंब येत नाही हे खरे, पण बुरशी मरत नाही. आणि गरीब शेतकऱ्याच्या गोण्या त्या केंद्राच्या दारापर्यंत क्वचितच जातात.

याच्या जोडीला निर्यातीचा खेळ. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली तेव्हा ४० टक्के शुल्क राहिले, ते पूर्णपणे हटायला एप्रिल २०२५ उजाडला. चाळीत ज्याचा कांदा होता त्याच्यासाठी या आदेशांतला प्रत्येक आठवडा म्हणजे आणखी काही क्विंटलांची सड होती. दिल्लीतला अधिकारी अधिसूचनेच्या तारखा मोजतो. बुरशी तारखा पाहत नाही. त्या आदेशांनी सडलेल्या कांद्याची भरपाई कोणत्याही अधिसूचनेत नव्हती.

चळवळीकडून अपेक्षा

येथे शेतकरी चळवळीने आणि डाव्या, समाजवादी कार्यकर्त्यांनीही स्वतःकडे पाहिले पाहिजे. १९८० साली नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाच्या भावासाठी रस्ते आणि रेल्वे अडवल्या गेल्या. त्या आंदोलनाने शेतकऱ्याला ताठ मानेने बोलायला शिकवले, हे त्याचे श्रेय. पण तेव्हापासून 'भाव' या एका शब्दात सारा प्रश्न कोंबण्याची सवय लागली. भाव त्यालाच मिळतो, ज्याच्याकडे विकायला कांदा उरला आहे. दीड एकरवाल्याचा कांदा चाळीतच सडतो आणि त्याच्या रानात रोपे लावणाऱ्या बाईला तर कांद्याच्या भावाशी कर्तव्यच नसते. या दोघांना जोडणारा कार्यक्रम भावाच्या घोषणेतून निघणार नाही. तो सडीच्या प्रश्नातून निघू शकतो, कारण महाग आणि निरुपयोगी फवारणी एकाच्या खिशाला आणि दुसरीच्या शरीराला एकाच वेळी कुरतडते.

कांद्याच्या प्रत्येक मोठ्या बाजारपेठेच्या तालुक्यात बाजार समितीच्या उत्पन्नातून पीक-रोगनिदान केंद्र झाले पाहिजे. तेथे उपटलेले रोप दाखवले की रोगाचे नाव, औषध, मात्रा आणि फवारणी नको असेल तर 'नको' हा सल्ला, सही-शिक्क्यासह लेखी मिळाला पाहिजे. कांद्यावर बाजार शुल्क गोळा करणाऱ्या समित्यांना हा खर्च झेपणार नाही, असे कोणी सांगू नये. बीजप्रक्रियेचे औषध आणि ट्रायकोडर्मा सहकारी संस्थांनी उत्पादनखर्चात पुरवावे. अल्पभूधारक आणि वाटेकरी यांच्यासाठी गावठाणात सामायिक चाळी बांधाव्यात आणि त्यांतील मालाच्या पावतीवर तारण कर्ज मिळावे, म्हणजे वैशाखातली सक्तीची विक्री थांबेल. विम्याची मुदत चाळीपर्यंत न्यावी. फवारणी व लागवड करणाऱ्या मजुराला हातमोजे, मुखवटा आणि वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हा मजुरीचाच भाग मानला जावा. आणि जी औषधे अन्यत्र माणसाच्या आरोग्यासाठी नाकारली गेली, ती येथे किती वर्षांत, कोणत्या पर्यायासह मागे घेणार, याचे वेळापत्रक सरकारने जाहीर करावे.

यांतील एकही मागणी अशक्य नाही आणि एकीसाठीही नव्या शोधाची वाट पाहायची नाही. पण त्या आपोआप मान्य होणार नाहीत. पुढल्या आषाढात चाळी उघडतील तेव्हा कार्यकर्त्यांनी तेथे असले पाहिजे. किती भरला, किती सडला, कोणते औषध किती वेळा मारले, कोणाच्या सांगण्यावरून मारले आणि त्याची उधारी किती राहिली, याची गावोगावची नोंद हाती घेतली पाहिजे. निवडायला बसलेल्या बायकांनाही विचारले पाहिजे की लागवडीनंतर हातांची आग किती दिवस होते. त्या नोंदी घेऊन बाजार समितीच्या आणि तहसीलदाराच्या दारात जाणारा मोर्चा गळ्यात कांद्याच्या माळा घालून जाणाऱ्या मोर्चापेक्षा कदाचित कमी देखणा दिसेल. पण त्याच्या हातातल्या कागदांना उत्तर देताना 'फवारणी चुकली' एवढे सांगून कोणालाही सुटता येणार नाही.